कार्बोनारा कुणाचा? रोमचा, नेपल्सचा की दोस्त सैन्याच्या शिध्याचा?

खलबत्ता

रोमच्या स्वयंपाकाची ओळख म्हणून आज जे चार पास्ते सांगितले जातात, त्यांत काचो ए पेपे, ग्रीचा आणि अमात्रिचाना यांच्या जोडीला कार्बोनाराचे नाव हटकून येते. अंडी, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे खारट चीज, डुकराच्या गालाचे मीठमिरी लावून मुरवलेले मांस म्हणजे ग्वांचाले, सढळ हाताने घातलेली काळी मिरी आणि पास्ता, एवढ्यावर हा पदार्थ उभा असतो. त्यात क्रीम घालणे म्हणजे रोमच्या लोकांच्या दृष्टीने अपराध आहे. २०१६ साली एका फ्रेंच संकेतस्थळाने सगळे जिन्नस एकाच भांड्यात शिजवून कार्बोनारा करण्याची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा इटलीत संतापाची लाट उसळली होती.

पदार्थाचे नियम इतके काटेकोर असतील तर तो निदान दोन-तीनशे वर्षांचा असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कागदपत्रे पाहू लागलो की दुसऱ्या महायुद्धापूर्वी या नावाचा पदार्थ कुठे भेटत नाही. आदा बोनी यांनी १९३० च्या सुमारास खास रोमच्या पाककलेवर पुस्तक लिहिले, त्यात कार्बोनारा नाही. पहिला ठळक उल्लेख येतो तो १९५० साली, तुरीनच्या 'ला स्तांपा' या वृत्तपत्रात. तिथेही, रोम मुक्त झाल्यानंतर अमेरिकन अधिकारी हा पदार्थ शोधत येत असत, अशा संदर्भात तो येतो.

माझे मत असे आहे की चीज आणि अंडे घालून पास्ता करण्याची मध्य व दक्षिण इटलीतली जुनी रीत आणि जून १९४४ नंतर सैन्याच्या शिध्यातून रोममध्ये आलेले बेकन यांच्या मेळातून कार्बोनारा जन्मला. त्यामुळे तो रोमचा ठरत नाही असे मला मुळीच वाटत नाही, पण त्याचे वय खोटे सांगितले जाऊ नये असे मात्र मनापासून वाटते. इटलीत राहणाऱ्या आणि इटालियन स्वयंपाक शिकलेल्या सभासदांची मते वाचायला आवडतील.

रानजाई

खलबत्ता, विषय उत्तम काढलात, पण निष्कर्ष मला पटलेला नाही. मी बरीच वर्षे रोममध्ये राहते. आमच्या शेजारच्या आजी नव्वदीच्या आसपास आहेत, आणि त्यांची आई युद्धाच्या आधीपासून अंडे आणि चीज घालून पास्ता करीत असे, असे त्या ठामपणे सांगतात. स्वयंपाकाची पुस्तके कोण लिहीत होते आणि कोण विकत घेत होते, याचा विचार केला पाहिजे. ज्या घरात अक्षरओळख नव्हती, जिथे आईने मुलीला हाताच्या अंदाजाने मीठ घालायला शिकवले, त्या घरातले अन्न छापील पुस्तकात येण्याचे कारणच नव्हते. अशा बायकांचे कसब केवळ कागद नाही म्हणून अमेरिकन शिध्याच्या खात्यावर जमा करणे मला अन्यायाचे वाटते.

दप्तरखाना

रानजाई, तत्त्व म्हणून तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. गरिबांच्या चुलीची नोंद फार कमी ठेवली जाते. तरीही या विशिष्ट प्रकरणात दोन गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट आदा बोनी यांच्या पुस्तकाच्या हेतूची. रोमचा जो स्वयंपाक नाहीसा होत चालला आहे असे त्यांना वाटत होते, तो जतन करून ठेवण्यासाठीच त्यांनी ते लिहिले. गृहिणींसाठी लिहिणाऱ्या, स्वतः रोममध्येच जन्मलेल्या या बाईंच्या नजरेतून शहराचा एक आवडता पास्ता निसटावा, हे जरा कठीण वाटते.

दुसरी गोष्ट उल्लेखांच्या गतीची. १९५० साली वृत्तपत्रात नाव येते, १९५१ च्या एका इटालियन चित्रपटात मोलकरणीला 'तुला कार्बोनारा करता येतो का' असे विचारले जाते, १९५२ साली शिकागोत त्याची पाककृती छापली जाते आणि १९५४ साली एका इटालियन मासिकात आणि इंग्लंडमध्ये निघालेल्या इटालियन पाककलेच्या पुस्तकात तो एकाच वर्षी झळकतो. पदार्थ पिढ्यान् पिढ्या घरोघरी होत असता, तर आधी इतकी शांतता आणि नंतर पाच वर्षांत एवढी गजबज, याचा उलगडा होत नाही.

तुमच्या आजींना एकच विचाराल का, की त्या पास्त्यात मांस असे का? कारण 'काचो ए ओवा' म्हणजे चीज आणि अंडे घातलेला पास्ता नेपल्सच्या बाजूला नक्कीच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नेपल्सच्या पाकपुस्तकांत तो सापडतो. तो कार्बोनाराचा पूर्वज म्हणता येईल, पण तो म्हणजेच कार्बोनारा असे म्हणता येणार नाही.

सह्यकडा

कोळसा पाडणाऱ्यांची कथा अजून कुणी कशी सांगितली नाही? मी वाचले आहे ते असे की अपेनाइन डोंगरांत लाकडाचा कोळसा पाडणारे मजूर आठवडेच्या आठवडे जंगलात मुक्काम करीत, आणि टिकाऊ म्हणून सुका पास्ता, मुरवलेले मांस व चीज बरोबर नेत. कार्बोनारो म्हणजे कोळसेवाला, म्हणून कार्बोनारा. वरून घातलेली मिरी कोळशाच्या भुकटीसारखी दिसते, असेही सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या कार्बोनारी या गुप्त क्रांतिकारी संघटनेशीही काही जण याचा संबंध जोडतात.

दप्तरखाना

सह्यकडा, क्रांतिकारकांच्या कथेला कसलाही आधार नाही, ती बाजूला ठेवू. कोळसेवाल्यांची कथा ऐकायला छान आहे आणि मजुरांच्या शिदोरीचे वर्णनही शक्य कोटीतले आहे, पण अशी शिदोरी खाणाऱ्यांत मेंढपाळही होते, आणि त्यांच्या नावावर ग्रीचा व काचो ए पेपे हे पदार्थ आधीच सांगितले जातात. अडचण अंड्यांची आहे. पास्ता, ग्वांचाले आणि चीज महिनाभर टिकते, पण आठवडेच्या आठवडे जंगलात राहणाऱ्याला रोज ताजी अंडी कुठून मिळणार? कार्बोनारामधून अंडे काढले तर खाली उरतो तो ग्रीचा. म्हणजे कोळसेवाल्यांची कथा ग्रीचापर्यंत पोचवते आणि नेमके जिथे उत्तर हवे तिथे थांबते.

पाटावरवंटा

या पदार्थाचे जनकत्व सांगणारा एक प्रत्यक्ष माणूसही आहे, त्याचा उल्लेख व्हायला हवा. रेनातो ग्वालांदी हे बोलोन्याकडचे आचारी. त्यांच्या सांगण्यानुसार २२ सप्टेंबर १९४४ रोजी एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रिच्चोने या गावी ब्रिटिशांचे आठवे सैन्य आणि अमेरिकेचे पाचवे सैन्य यांच्या अधिकाऱ्यांच्या भेटीनिमित्त जेवण करण्याचे काम त्यांच्याकडे आले. हाताशी होते ते सैन्याच्या भांडारातले बेकन, क्रीम, चीज आणि अंड्याच्या बलकाची भुकटी. त्यातून त्यांनी पास्त्यासाठी सॉस केला आणि शेवटी मिरी घातल्यावर तो जमून आला. पुढे एप्रिल १९४५ पर्यंत ते रोममध्ये दोस्त सैन्यासाठी स्वयंपाक करीत होते, आणि त्यामुळे पदार्थ तिथे पसरला, असे ते सांगत.

मला ही कथा शंभर टक्के खरी वाटत नाही, पण तिच्यातले साहित्य फार बोलके आहे. ताजे अंडे नाही, ग्वांचाले नाही, पेकोरिनो नाही. ज्या जिन्नसांसाठी आज भांडणे होतात ते हे तिन्ही त्या कढईत नव्हते.

आडवाट

पाटावरवंटा, तुमच्या प्रतिसादातल्या आठव्या सैन्याच्या उल्लेखावर थोडे सांगावेसे वाटते, कारण तिथे आपल्या माणसांचा खराखुरा संबंध येतो. त्या सैन्याला ब्रिटिश म्हटले जाते, पण इटलीच्या मोहिमेत त्यात भारतीय, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, पोलिश आणि ग्रीक सैनिक होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तिथे लढल्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव परिसराचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच नदी पुढे रोममधून वाहते. उंब्रियातल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेन्यो नदीवरच्या लढाईत नामदेव जाधव यांनीही तोच सन्मान मिळवला.

आता कार्बोनाराविषयी. भारतीय पलटणींचा शिधा वेगळा असे, त्यात आटा, डाळ आणि मसाला येई, त्यामुळे आपल्या सैनिकांनी या पदार्थाला हातभार लावला असे मी म्हणणार नाही. पण या चर्चेत सारखा 'अमेरिकन शिधा' असा शब्द येतो आहे, तो जरा सैल वाटतो. डबाबंद बेकन ब्रिटिश सैन्याच्या शिध्यातही होते. रोममध्ये जे अन्न पोचले ते अनेक देशांच्या सैन्यांच्या भांडारांतून पोचले. अमेरिकन अधिकाऱ्यांचे नाव वृत्तपत्रात आले म्हणून श्रेय एकट्या अमेरिकेला देणे बरोबर होणार नाही.

खलबत्ता

आडवाट, आभारी आहे. यापुढे 'दोस्त सैन्याचा शिधा' असेच म्हणू.

रानजाई

दप्तरखाना, आजींशी बोलले. मिळाले तर डुकराच्या मांसाचा तुकडा घालत, नाही तर नुसते अंडे आणि चीज, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी त्याला काही खास नाव नव्हते, आणि कार्बोनारा हे नाव त्यांनी युद्धानंतर खाणावळीत पहिल्यांदा ऐकले. हे तुमच्या बाजूने जाते हे मला दिसते आहे. तरी माझा आग्रह कायम आहे की नाव नंतर मिळाले म्हणून पदार्थ नंतर जन्मला असे होत नाही. बारसे उशिरा झाले तरी मूल आधीचेच असते.

त्या काळातल्या भुकेबद्दलही त्या बरेच बोलल्या. सप्टेंबर १९४३ पासून ४ जून १९४४ पर्यंत रोम जर्मन फौजांच्या ताब्यात होते, आणि १९४४ च्या वसंतात ब्रेडचा शिधा माणशी दिवसाला १०० ग्रॅमवर आला होता. बायका बेकऱ्यांसमोर दंगा करायला उतरल्या होत्या.

दप्तरखाना

रानजाई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच मला या कोड्याची किल्ली दिसते. ज्या शहरात माणसाला दिवसाला १०० ग्रॅम ब्रेड मिळतो, तिथे अंडी, चीज आणि डुकराची चरबी एकाच ताटात ही कल्पनासुद्धा अवघड होती. दोस्त सैन्य आल्यावर डबाबंद मांस, बेकन, अंड्याची भुकटी हे सगळे शिध्यातून आणि त्याहून जास्त काळ्या बाजारातून शहरात झिरपू लागले. खाणावळवाल्यांपुढे एकीकडे पैसे बाळगणारे परदेशी अधिकारी आणि दुसरीकडे वर्षभर पोट मारून राहिलेले शहरवासी, अशी दोन्ही गिऱ्हाइके होती. तुमच्या आजींच्या आईची अंडे-चीजची रीत या खाणावळीत काम करणाऱ्या बायकांनाही ठाऊक असणारच. त्या रीतीला मांसाची कायमची जोड आणि नाव या काळात मिळाले असे मानले, तर तुमचे आणि खलबत्ता यांचे म्हणणे एकमेकांना छेद देत नाही.

पिठीसाखर

मी नव्वदच्या दशकात मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, आणि आम्हाला कार्बोनारा क्रीम घालूनच शिकवला होता. पुढे परदेशात काम करताना एका इटालियन सहकाऱ्याने मला त्यावरून सर्वांसमोर खूप सुनावले. आमच्या शिक्षकांनी चुकीचे शिकवले होते का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

दप्तरखाना

पिठीसाखर, तुमच्या शिक्षकांना मी अजिबात दोष देणार नाही. इटलीतल्या छापील पाककृतींचाच प्रवास पाहा.

१९५२ साली शिकागोच्या उपाहारगृहांची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तकात 'आर्मांदोज' या उपाहारगृहाची पाककृती आली. आजवर सापडलेली ही पहिली छापील पाककृती मानतात. त्यात लांबट पातळ पास्ता, अंडी, इटालियन बेकन आणि पार्मिजानो चीज आहे. म्हणजे रोमच्या या पदार्थाची पहिली पाककृती अटलांटिकच्या पलीकडे छापली गेली. इटलीतली पहिली पाककृती 'ला कुचिना इतालियाना' या मासिकाच्या ऑगस्ट १९५४ च्या अंकातली. तिच्यात पोटाकडच्या मांसाचा पांचेत्ता आहे, लसूण आहे, आणि चीज चक्क ग्रूयेर, म्हणजे स्वित्झर्लंडचे. आज रोममधल्या कुठल्याही खाणावळीत ग्रूयेर आणि लसूण घालून कार्बोनारा दिला तर गिऱ्हाईक उठून जाईल.

ग्वांचाले छापील पाककृतीत येते ते १९६० च्या सुमारास, लुईजी कार्नाचीना यांच्या पुस्तकात, आणि त्याच पाककृतीत क्रीमही आहे. त्यानंतर दोन-तीन दशके इटलीतल्याच पुस्तकांत क्रीम सर्रास दिसते. आधुनिक इटालियन पाककलेचे अध्वर्यू मानले जाणारे ग्वाल्तिएरो मार्केसी यांनीही १९८० च्या दशकाअखेर दिलेल्या पाककृतीत क्रीम वापरले होते. अंडी, पेकोरिनो, ग्वांचाले, मिरी आणि दुसरे काहीही नाही, हा नियम पक्का झाला तो नव्वदच्या दशकापासून पुढे. तुम्हाला शिकवले गेले ते त्या वेळच्या इटालियन पुस्तकांना धरूनच होते.

पिठीसाखर

हे वाचून फार बरे वाटले. त्या शिक्षकांपैकी एकांशी अजून संपर्क आहे, त्यांना हा धागा पाठवते.

वेलदोडा

मग आल्बेर्तो ग्रांदी यांचे बरोबर म्हणायचे का? पार्मा विद्यापीठातल्या या प्राध्यापकांची मुलाखत मार्च २०२३ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये आली होती. इटालियन म्हणून मिरवले जाणारे कितीतरी पदार्थ युद्धोत्तर काळातले किंवा अमेरिकेत गेलेल्या इटालियनांनी घडवलेले आहेत, आणि कार्बोनारा तर अमेरिकनच आहे, अशा आशयाचे ते बोलले होते. त्यावर 'कोल्दिरेत्ती' या इटलीतल्या शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने फार कडक शब्दांत निषेध केला होता.

रानजाई

वेलदोडा, त्या मुलाखतीच्या वेळी मी इथेच होते आणि लोक किती दुखावले गेले ते पाहिले आहे. ग्रांदी यांची पुराव्याची शिस्त मला मान्य आहे. पण 'अमेरिकन पदार्थ' हे म्हणणे मला तेवढेच ढोबळ वाटते जेवढे 'दोन हजार वर्षांची परंपरा' हे म्हणणे. बेकन अमेरिकेचे असेल, पण गरम पास्त्यात कच्चे अंडे घालून ते न गोठू देता सॉस करायचा, ही जाण अमेरिकन सैनिकाने इथे आणली नाही. ती इथल्या हातांत होती. अंडे साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागते. त्याच्या अलीकडे थांबायचे, भांडे विस्तवावरून उतरवायचे आणि पास्ता शिजलेले पिठूळ पाणी चमच्याचमच्याने घालत राहायचे, हे नीट जमले नाही तर पास्त्यात अंडाभुर्जी होते. पदार्थाचे नागरिकत्व ठरवायचेच असेल, तर जिन्नसांइतकेच या कसबाला वजन द्यायला हवे.

निरांजन

इतिहासकार मास्सिमो मोंतानारी यांची मांडणी इथे उपयोगी पडेल. टोमॅटोच्या स्पॅगेटीचा इतिहास लिहिताना त्यांनी मूळ आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. टोमॅटो अमेरिका खंडातला, सुक्या पास्त्याच्या प्रसारात सिसिलीतल्या अरबांचा वाटा, पण या सगळ्यातून इटलीत जे घडले ते इटालियन. मूळ शोधत मागे जाल तितके ते फाटे फोडत जाते, आणि ओळख मात्र शेवटच्या टोकाशी असते.

आपल्याकडे याचे उदाहरण उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, ही सगळी पिके दक्षिण अमेरिका आणि मध्य अमेरिकेकडची आहेत. तरी आषाढी एकादशीला घरोघरी होणाऱ्या त्या खिचडीला कुणी परके म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण ती संतांच्या काळापासून अशीच होत आली आहे, असेही कुणी म्हणू नये.

सह्यकडा

निरांजन, उदाहरण चपखल आहे. यावरून पेकोरिनोबद्दल विचारायचे आहे. ते तरी निखळ रोमचे आहे ना?

रानजाई

सह्यकडा, पेकोरिनो रोमानो हे नाव रोमचे आणि त्याचा इतिहासही या प्रदेशातला फार जुना, पण आज त्याचे बहुतांश उत्पादन सार्दिनिया बेटावर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममधल्या व्यापाऱ्यांनी तिकडे चीजचे कारखाने काढले, आणि अमेरिकेत गेलेल्या इटालियनांकडून येणारी मोठी मागणी त्यामागे होती. कायद्याने लाझियो, सार्दिनिया आणि तोस्कानातला ग्रोसेतो प्रांत अशा तिन्ही ठिकाणी ते करता येते. सार्दिनियातल्या मेंढपाळांचे कष्ट रोमच्या नावाखाली झाकले जातात, याची मला खंत वाटते.

आडवाट

थोडे बाजूला जाऊन अमात्रिचानाबद्दल. त्याचे मूळ तरी निर्विवाद आहे का?

दप्तरखाना

बऱ्याच अंशी आहे, आणि तरीही वाद आहेच. अमात्रिचे गाव आज लाझियोत आहे, पण १९२७ पर्यंत ते अब्रुत्सोमधल्या लाक्विला प्रांतात होते. त्यामुळे अब्रुत्सोचे लोकही त्यावर हक्क सांगतात. तिथून रोममध्ये आलेल्या लोकांनी खाणावळी चालवल्या आणि पदार्थ रोमचा झाला. ग्रीचा म्हणजे टोमॅटो नसलेला अमात्रिचाना, असेच त्याचे वर्णन करतात. २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात अमात्रिचे जवळजवळ सगळे उद्ध्वस्त झाले, तेव्हा जगभरच्या उपाहारगृहांनी या पास्त्याच्या प्रत्येक ताटामागे मदतनिधी गोळा केला. २०२० साली युरोपीय संघाने 'पारंपरिक अमात्रिचाना'ची कृती नोंदवून तिला संरक्षण दिले.

हे सांगण्याचे कारण असे की कार्बोनाराला असे संरक्षण द्यायचे ठरवले, तर कुठली कृती नोंदवणार? १९५४ ची ग्रूयेरवाली, १९६० ची क्रीमवाली की आजची? अमात्रिचानामागे एक गाव उभे आहे. कार्बोनारामागे गाव नाही, एका मोठ्या शहराची काही वर्षे आहेत.

वेलदोडा

डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या समितीची बैठक आपल्या दिल्लीत लाल किल्ल्यावर झाली, आणि तिथेच इटालियन स्वयंपाकाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. दिवाळीलाही त्याच बैठकीत मान्यता मिळाली. त्यामुळे हा वाद मिटायला मदत होईल का?

निरांजन

वेलदोडा, मला तसे वाटत नाही, आणि त्या नोंदीचा हेतूही तो नाही. तिथे एखाद्या पाककृतीला शिक्का मिळत नाही. एकत्र बसून रांधणे, आजीकडून नातवंडांकडे जाणारे ज्ञान, हंगामाचे जिन्नस वापरणे अशा चालीरीतींचा तो सन्मान आहे. माझ्या मते तो रानजाईंच्या शेजारच्या आजींच्या आईचा सन्मान आहे. कार्बोनारा १९४४ चा की १८४४ चा, याला तिथे काहीच महत्त्व नाही.

पाटावरवंटा

एक व्यावहारिक प्रश्न. पुण्यात ग्वांचाले मिळणे कठीण आहे आणि मिळाले तरी किंमत परवडण्यासारखी नसते. मी साधे बेकन आणि पार्मिजानो वापरतो. याला कार्बोनारा म्हणावे का?

पिठीसाखर

निःसंकोच म्हणा. तुमचे साहित्य शिकागोच्या १९५२ च्या पाककृतीच्या अगदी जवळचे आहे. फक्त धुरावलेले बेकन असेल तर वास वरचढ होतो, म्हणून ते आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा आणि कोरडे करून मगच मंद आचेवर परता. सुटलेली चरबी टाकू नका, सॉसला तीच बांधून धरते. चौघांसाठी चार बलक आणि एक अख्खे अंडे पुरे होते. चीज खारट असल्यामुळे पास्त्याच्या पाण्यात मीठ हात राखून घाला.

सह्यकडा

आमच्या घरी मांस चालत नाही, अंडे चालते. आमच्यासाठी काय?

रानजाई

तुमच्यासाठी नेपल्सचे काचो ए ओवा आहे, आणि त्याला कुणाच्या पर्यायाची गरज नाही. तो स्वतंत्र, कार्बोनारापेक्षा जुना पदार्थ आहे. पास्ता, अंडी, चीज, मिरी आणि थोडे लोणी किंवा ऑलिव्ह तेल. बऱ्याच इटालियन चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातले रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरलेले असते, तेवढे मात्र पाहून घ्या. वनस्पतिजन्य रेनेटचे चीज आता भारतातही मिळते.

खलबत्ता

चर्चा इतकी सकस होईल असे वाटले नव्हते, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

रानजाईंच्या आजींची साक्ष आणि दप्तरखाना यांची कालरेषा एकत्र ठेवल्यावर माझ्या पहिल्या मांडणीत मी एक भर घालतो. या पदार्थात रीत इथल्या बायकांची, मांस बाहेरून आलेले, नाव खाणावळीतले, आणि नियम अगदी अलीकडचे. यांतल्या पहिल्या भागाचे श्रेय मी सुरुवातीला पुरेशा ठळकपणे मांडले नव्हते, ते ठळक करायला हवे. मात्र ग्वालांदी यांच्या रिच्चोनेच्या कथेपेक्षा मी रोमच्या खाणावळींनाच झुकते माप देईन, कारण १९५० च्या उल्लेखात पदार्थ शोधणारे लोक रोममध्येच येत होते आणि तो करणारेही तिथलेच होते.

जून १९४४ ते जुलै १९५० ही सहा वर्षे अजून धूसर आहेत. त्या काळातली रोमची वृत्तपत्रे, खाणावळींच्या जाहिराती, सैनिकांची घरी गेलेली पत्रे, यांत कुठेतरी हे नाव दडलेले असू शकते. रानजाई, तुम्ही रोममध्येच आहात आणि इटालियन सहज वाचता. तिथल्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयात त्या वर्षांची दैनिके चाळून पाहणे तुम्हाला शक्य होईल का?

रानजाई

आनंदाने पाहीन. आधी १९४६ आणि १९४७ च्या दैनिकांपासून सुरुवात करते, कारण तोवर खाणावळी पुन्हा रुळावर येऊन जाहिराती देऊ लागल्या असतील. आजींच्या धाकट्या बहिणीकडे घरातल्या जुन्या वह्या आहेत असे कळले आहे, त्याही मागून ठेवल्या आहेत. जे सापडेल ते इथेच लिहीन, आणि ते माझ्या मताच्या विरुद्ध गेले तरी लिहीन.